जड मातीचा डॉक्टर

मंडळी, एजबॅस्टन म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? अर्थात क्रिकेट! २०१३ ची चॅम्पियन्स ट्रॉफी आपण तिथेच जिंकली. तिथली पहिली कसोटी जिंकायला मात्र २०२५ चा जुलै उजाडावा लागला. मी बर्मिंगहॅमला आलो तो प्रोजेक्टच्या निमित्ताने, सहा महिन्यांसाठी म्हणून. सहा महिन्यांची नऊ वर्षं कशी झाली हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातल्या निम्म्या लोकांची तीच गोष्ट आहे. या नऊ वर्षांत एजबॅस्टनला मी कितीदा गेलो असेन! पण मैदानापासून थोड्याच अंतरावर असलेल्या जुन्या चर्चमध्ये एका डॉक्टरचं स्मारक आहे, आणि त्यावर फॉक्सग्लोव्हची फुलं कोरलेली आहेत, हे मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं.

खरं म्हणजे त्याचं नाव मी त्याआधी वाचलं होतं. ग्रेट बारच्या बाजूला एका मोठ्या सुपरमार्केटशेजारी वालुकाश्मात कोरलेले काही दगड उभे आहेत. 'मूनस्टोन्स' म्हणतात त्यांना. अठराव्या शतकातल्या बर्मिंगहॅमच्या शहाण्या लोकांची ती आठवण. पिशव्या डिकीत भरताना मी त्यावरची नावं वाचली होती. वॅट ओळखीचा, वाफेच्या इंजिनामुळे. डार्विन म्हणजे आपल्या डार्विनचे आजोबा. एक नाव होतं विदरिंग. कोण असेल ते असो म्हणून मी गाडीत बसलो.

मग एका फेब्रुवारीत साताऱ्याहून आईचा फोन आला. बाबांना दोन दिवस मळमळतंय, जेवण जात नाही, आणि त्यांना सगळं पिवळं दिसतंय. भिंत पिवळी, दूध पिवळं, टीव्हीवरच्या निवेदिकेचा चेहराही पिवळा. आईला वाटलं कावीळ. ती एवढ्यात मुळ्याचा पाला आणायला निघालीच होती. माझी बायको फार्मसीत काम करते. तिने फोन हातात घेतला, बाबांना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या कॅमेऱ्यासमोर धरायला लावल्या, आणि एका मिनिटात तिचा चेहरा उतरला. बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून त्यांना डिगॉक्सिन चालू होतं. महिन्यापूर्वी ते एका दवाखान्यात चार दिवस ॲडमिट होते, तिथून निघताना कागदावर तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहून दिलं होतं. घरात जुनी पट्टी होती, नवी पट्टी आली. बाबा शिस्तीचे. दोन्ही इमानेइतबारे घेत होते. महिनाभर दुप्पट डोस, त्यात मूत्रपिंड जरा मंदावलेलं, आणि लघवी होण्याची गोळी चालू असल्यामुळे रक्तातलं पोटॅशियम खाली गेलेलं.

शेजारच्या काकांनी बाबांना रिक्षात घातलं आणि मोठ्या हॉस्पिटलात नेलं. नाडी मिनिटाला अडतीस. डिगॉक्सिन बंद केलं, शिरेतून पोटॅशियम दिलं, पाच दिवस मॉनिटर लावून ठेवलं. आम्ही इकडे तिकिटं बघत बसलो होतो. सातव्या दिवशी बाबा घरी आले आणि त्यांना दूध पांढरं दिसलं.

त्या आठवड्यात झोप येत नव्हती तेव्हा मी डिगॉक्सिनबद्दल वाचत बसायचो. आपल्या धंद्यात सवयच असते, सिस्टिम कोसळली की लॉग उलटे चाळत जायचं. तसा मागे मागे गेलो तो थेट १७७५ सालात पोचलो, आणि तिथे भेटला तो पार्किंगजवळच्या दगडावरचा विदरिंग.

विल्यम विदरिंगचा जन्म १७ मार्च १७४१ चा. आपल्याकडे थोरले बाजीराव गेले त्याच्या पुढच्या वर्षीचा. गाव वेलिंग्टन, श्रॉपशायर परगण्यातलं. इथून गाडीने तासाभराचा रस्ता. वडील औषधं करून विकणारे, म्हणजे घरात खलबत्ता आणि बाटल्या आधीपासून. १७६२ मध्ये तो एडिंबरोला वैद्यकी शिकायला गेला, १७६६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. तिथे वनस्पतिशास्त्र शिकावं लागे आणि ते त्याला मुळीच आवडत नसे. पुढे हाच माणूस ब्रिटनमधल्या तमाम झाडपाल्यावर जाडजूड ग्रंथ लिहिणार होता! कारण सरळ आहे. पदवीनंतर तो स्टॅफर्डला प्रॅक्टिस करू लागला, तिथे हेलेना कुक्स नावाची एक पेशंट होती, ती फुलांची चित्रं काढायची. तिला चित्रासाठी फुलं हवीत म्हणून डॉक्टरसाहेब रानात हिंडायला लागले. १७७२ मध्ये लग्न झालं. फुलांचा नाद मात्र सुटला नाही.

१७७५ मध्ये बर्मिंगहॅममधले एक नावाजलेले डॉक्टर वारले. जागा रिकामी झाली, ती भरायला इरॅस्मस डार्विनने विदरिंगला बोलावून घेतलं. हा इरॅस्मस म्हणजेच चार्ल्स डार्विनचा आजोबा, लिचफील्डला राहणारा, स्वतः मोठा वैद्य आणि कवी. इथे त्याचा उपकार नोंदवून ठेवतो, कारण पुढे त्याच्याबद्दल फार बरं लिहिता येणार नाही.

बर्मिंगहॅममध्ये तेव्हा 'लुनार सोसायटी' नावाची मित्रमंडळी जमायची. कारखानदार मॅथ्यू बोल्टन, जेम्स वॅट, चिनी मातीवाला जोसायाह वेजवूड, पुढे प्राणवायूवाला प्रीस्टली. पौर्णिमेच्या आसपास भेटायचे, रात्री घरी परतताना रस्त्यावर उजेड असावा म्हणून. नाव त्यावरूनच. आपल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यांची बैठक कधीच भरली नसती, हा आपला एक उगाच विचार! तिकडे पुण्यात बारभाईंचं राजकारण रंगलं होतं आणि इकडे ही मंडळी जेवणं झाल्यावर वायू, विजा, इंजिनं आणि दगड यांवर वाद घालत होती.

दगड हा त्यातला कमी बोलला गेलेला विषय. विदरिंगवर जे काही लिहिलेलं सापडतं त्यात नव्वद टक्के फॉक्सग्लोव्ह असतं. दगडाला दोन ओळी. मला मात्र या दगडानेच धरून ठेवलं, आणि त्याला कारण बाबा. बाबा ज्युनिअर कॉलेजमध्ये केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाले. तीस वर्षं त्यांनी बारावीच्या पोरांकडून एक प्रयोग करून घेतला: द्रावणात बेरियम क्लोराईडचे चार थेंब टाका, पांढरा साका आला आणि तो आम्लात विरघळला नाही, की सल्फेट आहे असं जर्नलमध्ये लिहा. आमच्या घरी हे वाक्य पाढ्यांसारखं पाठ होतं. तो पांढरा साका म्हणजेच बराइट, फक्त परीक्षानळीत तयार झालेला. जमिनीत तो शिरांमध्ये सापडतो.

शीर म्हणजे काय ते जरा सांगतो, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. खडकाला खोल भेगा जातात. त्या भेगांतून खालून गरम, खारट पाणी वर चढतं, आणि त्यात शिसं, बेरियम, वाळूतलं सिलिका असं बरंच काही विरघळलेलं असतं. वर येता येता पाणी थंड होतं, दुसऱ्या पाण्यात मिसळतं, आणि पोटातला माल भेगेच्या भिंतींवर टाकत जातं. सिलिकाची गारगोटी होते, आपण लहानपणी अंधारात घासून ठिणग्या पाडायचो तीच. बेरियमला सल्फेट भेटलं की बराइट. शिशाला गंधक भेटलं की गॅलेना, चकचकीत राखाडी चौकोनी तुकडे. उत्तर इंग्लंडमधले खाणवाले त्या गॅलेनासाठी जमीन खणायचे. पांढरं जे काही निघेल ते त्यांच्या लेखी कचरा, खाणीच्या तोंडाशी ढीग करून टाकून द्यायचं.

आता या पांढऱ्या कचऱ्यात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि चिखल लागलेला असला की चारही सारख्याच दिसतात. गारगोटी पाण्याच्या अडीच पटींपेक्षा थोडी जास्त जड, कॅल्साइट जवळपास तेवढंच. बराइट मात्र साडेचार पट. हातात घेतलं की हात खाली जातो, दगडाने फसवल्यासारखं वाटतं. म्हणून त्यातल्या न ओळखलेल्या पदार्थाला त्या काळचे रसायनवाले लॅटिनमध्ये 'जड माती' म्हणायचे. ही माती चुन्यापेक्षा वेगळी आहे हे स्वीडनच्या शीलने १७७४ मध्ये ओळखलं होतं. वेजवूडने तर डर्बीशायरचं बराइट दळून आपल्या त्या प्रसिद्ध निळ्या-पांढऱ्या जॅस्पर भांड्यांच्या मातीत घातलं होतं, आणि कशात काय घातलंय याचा पत्ता बाहेर लागू देत नव्हता.

असाच एक पांढरट दगड बोल्टनच्या सोहोमधल्या संग्रहात पडून होता. शिशाच्या खाणीतून आलेला. तो उचलला तेव्हा वजनावरून बोल्टनला वाटलं होतं यात काहीतरी धातू असणार. कारखानदाराचा हिशेब! विदरिंगने तो पाहिला आणि घरी नेला. दिवसभर पेशंट, वर्षाला दोन-तीन हजार गरिबांना फुकट तपासायचं, त्यात छातीचा आजार लागलेला, आणि हा माणूस रात्री दगड कुटून तराजूत तोलत बसायचा.

त्याने काय केलं ते बघा. दगडावर पातळ केलेलं आम्ल ओतलं. दगड फसफसला आणि विरघळला. बराइट कधीच फसफसत नाही, त्याला कुठल्याही साध्या आम्लाचं सोयरसुतक नसतं. चुन्याचा दगड फसफसतो, पण तो इतका जड नसतो. जड आहे आणि फसफसतोही, असा दगड तोवर कोणाच्या यादीत नव्हता. मग त्या द्रावणात त्याने गंधकाम्ल टाकलं. पांढरा साका. बाबांचा बारावीचा प्रयोग, २४० वर्षांपूर्वी, आमच्या घरापासून पाच मैलांवर! म्हणजे आत जड माती आहे हे नक्की, पण इथे ती सल्फेटशी नव्हे तर ज्याला आपण आज कार्बन डायऑक्साईड म्हणतो त्या वायूशी जोडलेली होती. हे जोडकाम प्रयोगशाळेत हाताने करता येतं हे माहीत होतं. निसर्गाने आधीच करून ठेवलंय हे विदरिंगने दाखवलं. त्याने वजनं केली, आणि शंभर भागांत वायू साधारण एकवीस भाग भरला. आजचं गणित सांगतं २२.३. मेणबत्तीच्या उजेडात, घरच्या तराजूवर एवढं जवळ जाणं म्हणजे काय, हे प्रॅक्टिकलला रीडिंग 'ॲडजस्ट' केलेल्या माझ्यासारख्याला नीट कळतं.

आणखी एक बारीक गोष्ट त्याने नोंदली. हाताने केलेलं बेरियम कार्बोनेट तापवलं की वायू सोडतं, पण खाणीतला दगड कितीही तापवला तरी सोडत नाही. सारखेच असायला हवेत, पण वागतात वेगळे. त्याने ते झाकलं नाही, तसंच लिहून टाकलं. प्रीस्टलीने नंतर त्या तापलेल्या दगडावरून वाफ सोडली तेव्हा वायू सुटला.

हा निबंध १७८४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढच्या वर्षी तो सोसायटीचा सदस्य झाला. १७९० मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या वेर्नरने त्या खनिजाला 'विदराइट' हे नाव दिलं, ते आजतागायत चालू आहे. पण एक घोळ झाला. निबंधात विदरिंगने दगडाचं गाव लिहिलं कंबरलंडमधलं ऑल्स्टन मूर. तिथेही विदराइट सापडतं, पण नंतरच्या अनेक अभ्यासकांचं म्हणणं असं पडलं की तो दगड लँकेशायरमधल्या अँगलझार्कच्या खाणीतला असणार. एवढं काटेकोर तोललं आणि पत्ताच बहुधा चुकला! बोल्टनच्या कपाटात लेबल नसावं. आमच्याकडे डेटा मायग्रेशनमध्ये रोज हेच होतं.

अँगलझार्कला आम्ही गेल्या मे महिन्यात जाऊन आलो. एम सिक्सने वर, मग चॉर्लीच्या बाजूला वळून मूरवर. जागेचं नाव 'लेड माइन्स क्लफ', झाडीतून ओढा वाहतो अशी घळ. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इथे शिसं काढत होते. आता पाणचक्कीचा एक डागडुजी केलेला खड्डा दिसतो आणि ओढ्याकाठी गवत चढलेले मालाचे ढीग. आमच्या सात वर्षांच्या लेकीने ओढ्यातून दोन पांढरे दगड उचलले, एक या हातात, एक त्या हातात, आणि स्वतःच म्हणाली की एक मोठा आहे पण हलका आहे. लहान होता तो बराइट असावा असं मी म्हणालो. असावा एवढंच, माझ्याकडे आम्ल नव्हतं, आणि विदराइटही तितकंच जड. दगड जिथले तिथे ठेवायला लावले आणि बायकोने तिचे हात बाटलीतल्या पाण्याने दोनदा धुतले. ते उगाच नव्हे. या भागात विदराइटची पूड उंदीर मारायला वापरत. जेम्स वॅटच्या मुलाने याच खाणीवर १७९० च्या सुमारास एक निबंध छापला आहे, त्यात त्या दगडाच्या विषारीपणाचीही चर्चा आहे.

पोटाच्या एक्स-रेआधी 'बेरियम मील' पाजतात ना, तो पांढरा घट्ट घोळ? ते बराइटच, शुद्ध केलेलं. पाण्यात विरघळत नाही, पोटातल्या आम्लात विरघळत नाही, आल्या वाटेने निघून जातं. त्याच्या शेजारी त्याच शिरेत वाढलेलं विदराइट मात्र पोटातल्या आम्लात विरघळतं आणि बेरियम रक्तात उतरतं. मग काय होतं? रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने घसरतं, स्नायू लुळे पडतात, हृदयाची लय बिघडते. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ झालो. पोटॅशियम घसरलं की डिगॉक्सिनचा विषार वाढतो, हे आदल्याच आठवड्यात साताऱ्याच्या डॉक्टरांनी मला फोनवर समजावलं होतं. एकाच माणसाच्या दोन शोधांची वाट हृदयाच्या त्याच दारापाशी येते. त्याला स्वतःला हे कळणं शक्यच नव्हतं. पोटॅशियम हे मूलद्रव्य वेगळं व्हायला १८०७ साल यायचं होतं आणि बेरियमला १८०८. दोन्ही लंडनच्या डेव्हीने केली.

आता फॉक्सग्लोव्हकडे. १७७५ मध्ये श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीच्या घरगुती औषधाबद्दल त्याचं मत कोणीतरी विचारलं. अंगात पाणी होऊन सुजलेल्या, डॉक्टरांनी हात टेकलेल्या माणसांना ती कसलातरी काढा द्यायची आणि काहींना गुण यायचा. त्यात वीसेक पाले होते. विदरिंगने ओळखलं की काम करतो तो एकच, फॉक्सग्लोव्ह. बाकीचे सोबतीला. ढिगातून एक दगड वेगळा काढायचा तसंच हे. त्या म्हातारीचं 'मदर हटन' हे जे नाव सगळीकडे सांगतात ना, ते १९२८ साली एका अमेरिकन औषधकंपनीने जाहिरातीसाठी रचलेलं. मीही सुरुवातीला तेच नाव बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं!

पुढची दहा वर्षं त्याने त्या पाल्याच्या मागे घालवली. मूळ घ्यायचं की पान, पान कुठल्या ऋतूतलं, उकळायचं की गरम पाण्यात भिजवायचं की वाळवून पूड करायची. पानातला जोर ऋतूप्रमाणे बदलतो हे ध्यानात आल्यावर त्याने नियम केला: फुलं येण्याच्या वेळचंच पान तोडायचं आणि वाळवून तोलून द्यायचं. सुरुवातीला डोस जास्त पडले, पेशंट ओकून बेजार झाले. तेही त्याने लिहिलं. १७८५ च्या पुस्तकात दीडशेहून जास्त पेशंट आहेत, बरे झालेले, न झालेले, मेलेले, सगळे. डोस थोडा ठेवा, मळमळ सुरू झाली, नाडी मंदावली, किंवा वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसू लागल्या की ताबडतोब थांबा, असं त्यात स्पष्ट आहे. आईचा फोन आला त्याच्या २३८ वर्षं आधी. त्याला वाटे औषध लघवी वाढवून सूज उतरवतं. हृदयावर याची विलक्षण हुकमत आहे हेही त्याने नोंदवलं, पण पुढचा धागा इतरांनी जोडला. आज गोळीत असतं ते डिगॉक्सिन १९३० मध्ये फॉक्सग्लोव्हच्याच एका लोकरी पानांच्या बहिणीपासून वेगळं केलं गेलं. एका गोळीत पाव मिलिग्रॅम.

आणि डार्विन? १७७६ मध्ये एका बाईला तपासायला इरॅस्मसने विदरिंगला बोलावलं, विदरिंगने फॉक्सग्लोव्ह सुचवलं, बाई सुधारली. १७७८ मध्ये इरॅस्मसचा मुलगा, एडिंबरोत वैद्यकी शिकणारा, विशी गाठण्याआधीच वारला. बापाने १७८० मध्ये मुलाचा निबंध छापला आणि शेवटी फॉक्सग्लोव्ह दिलेले पेशंट जोडून दिले, त्यात ती बाईही. विदरिंगचं नाव कुठेच नाही. १७८५ मध्ये विदरिंगचं पुस्तक येण्याच्या जरा आधी इरॅस्मसने पुन्हा लंडनच्या डॉक्टरांपुढे निबंध सादर केला, तोही तसाच. मुलगा गेलेल्या बापाबद्दल कठोर बोलू नये हे मला समजतं. पण ज्याने दहा वर्षं पेशंटच्या उलट्या मोजल्या त्याचं नाव गाळणं हे काही बरोबर झालं नाही. पुढे इरॅस्मसचा दुसरा मुलगाही एका पेशंटवरून विदरिंगशी छापील भांडण भांडला. बोलावणारा मित्र कायमचा तुटला. विदरिंगही तसा फार गोड माणूस नव्हता म्हणतात. ताठ, शब्दाला शब्द धरणारा.

बाकीचं आयुष्य लवकर सांगण्यासारखं आहे. १७८६ पासून तो एजबॅस्टन हॉलमध्ये भाड्याने राहिला. तिथे आता गोल्फ क्लब आहे. १७९१ च्या जुलैत बर्मिंगहॅममध्ये प्रीस्टलीविरुद्ध दंगल उसळली, प्रीस्टलीचं घर आणि प्रयोगशाळा जाळली गेली, जमाव विदरिंगच्या दारातही आला. भाड्याने माणसं लावून त्याने घर धरून ठेवलं, तोवर लष्कर पोचलं. छातीचा आजार वाढत होता, क्षयच तो. इंग्लंडचा हिवाळा टाळायला १७९२ आणि १७९३ च्या थंडीत तो पोर्तुगालला गेला. विश्रांतीसाठी हं. तिथे काय केलं? काल्डास दा रैन्याच्या गरम झऱ्यांचं पाणी तपासून दिलं! खडकाच्या भेगांतून वर येणारं गरम पाणी, त्यात काय काय विरघळलंय ते तोलून. ६ ऑक्टोबर १७९९ रोजी तो गेला, अठ्ठावन्न वर्षांचा. इकडे श्रीरंगपट्टण पडून पाच महिने झाले होते.

विदराइटची मोठी खाण नॉर्थम्बरलँडमधली सेटलिंगस्टोन्स, ती १९६९ मध्ये बंद झाली. डिगॉक्सिन मात्र चालू आहे, बाबांनाही, निम्म्या डोसवर. गेल्या वर्षी ते इथे आले तेव्हा मी त्यांना चर्चमध्ये नेलं. मास्तरच ते, फुलं बघून झाल्यावर पहिला प्रश्न बेरियमचाच विचारला. मग परत येताना गाडीत त्यांना सगळी हकिगत सांगितली, दगड, आम्ल, साका. गंधकाम्ल टाकल्यावर काय झालं हे मी सांगण्याआधी त्यांनीच सांगितलं.

साताऱ्याला परतल्यावर त्यांनी गोळ्यांची पद्धत बदलली. दुकानातून कुठल्याही कंपनीची पट्टी येवो, गोळ्या काढून एका काचेच्या बाटलीत जातात. कॉलेजच्या लॅबमध्ये असायची तशी, बुचाची. बाटलीवर त्यांच्या अक्षरात चिकटवलेलं लेबल आहे, कंपनीचं नाव नाही. विदरिंग, सकाळी अर्धी.